चढावर लपता येत नाही

यंदा थंडी उशिरा आली. परवा सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर कोपऱ्यावरच्या भाजीवालीने भरताच्या वांग्यांचा ढीग लावलेला. हिरवी, पांढुरक्या रेषांची, एकेक वांगं तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढं. संध्याकाळी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कुणीतरी वांगी भाजायला कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि तो करपट, गोडसर धूर आमच्या स्वयंपाकघरात शिरला. जळगावात या वासाने लोकांना शेतातल्या मेजवान्या आठवतात. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, केळीच्या पानावर वाढलेलं गरम भरीत. माझ्या मात्र कानाच्या पाळ्या गरम होतात. मला दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवतो. त्या एका हिवाळ्यात मला जेवढी लाज वाटली, तेवढी बाकीच्या सगळ्या आयुष्यात मिळून वाटली नसेल.

लाज वाटावी असं मी काही केलं नव्हतं, हे आधी सांगते. मी फक्त सायकल चालवत होते.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दिवसभर खुर्ची, आणि खुर्चीच्या भोवती पुस्तकं. पन्नाशीच्या तोंडावर डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं की साखर उंबरठ्यावर येऊन बसली आहे, काहीतरी हालचाल सुरू करा. त्याच सुमारास आमची मधुरा नोकरीला पुण्याला गेली आणि तिची गिअरची जांभळी सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडली. सायकल मला येत होती. माझं माहेर शिंदखेड्याकडचं. सगळा सपाट, वाऱ्याचा मुलूख. तिथे भावाच्या सायकलवर कैची मारत मी शाळेच्या मैदानात फेऱ्या मारलेल्या. पुढे दहावीनंतर कुणी सायकलला बंदी घातली नाही, पण कुणी हातात दिलीही नाही, आणि ती आपोआप सुटली.

आमच्या कॉलनीत ज्योती मॅडम राहतात. शाळेत खेळ शिकवतात. त्यांनी बायकांचा एक गट जमवला होता, दर रविवारी सकाळी सायकलवर बाहेर पडणारा. पहिल्या दिवशी मी पंजाबी ड्रेसवर गेले. मॅडमनी माझ्या सलवारीच्या घोळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सुनंदाताई, हे कधीतरी साखळीत जाईल. टाइट्स घ्या एक."

टाइट्स म्हणजे अंगाला चिकटून बसणारी काळी विजार. दुकानातून ती मी कागदात गुंडाळून, पर्सच्या तळाशी घालून आणली. घरी घालून आरशासमोर उभी राहिले आणि दिवा बंद केला. विलास, माझा नवरा, बाहेर पेपर वाचत बसला होता. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कशी आहे?"

"चांगली आहे की," पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला.

"तुम्ही पाहिलीत कुठे?"

"पाहिली ना," म्हणत त्याने पेपर आणखी थोडा वर धरला.

तरी सुरुवातीचे रविवार सुखाचे गेले. आम्ही शिरसोलीपर्यंत जायचो, पुढे पुढे म्हसावदपर्यंत. दोन्ही बाजूंना कपाशीची शेवटची वेचणी चाललेली, मधेच दादरीचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, पट्टे, कणसं अजून पोटात धरलेले. पाणी दिलेल्या वावरावरून येणारा ओला गारवा नाकात झोंबायचा. वेचणीला निघालेल्या बायकांची ट्रॉली समोरून यायची, डोक्याला फडकी बांधलेल्या त्या सगळ्या आमच्याकडे टक लावून बघायच्या आणि त्यातली एखादी हात हलवायची. लाज तेव्हाही वाटायची, पण सपाट रस्त्यावर लाज मागे पडते. कुणी मान वळवून नीट पाहीपर्यंत आपण पुढे निघून गेलेलो असतो.

मग एका रविवारी चहा पिताना ज्योती मॅडम म्हणाल्या, "आता पद्मालय करू या. चढ आहे, पण जमेल."

सगळ्या खूश झाल्या. मी चहात बिस्कीट बुडवलं आणि ते तसंच कपात तुटून पडलं.

एरंडोल तालुक्यातलं पद्मालय म्हणजे टेकडीवरचं गणपतीचं देऊळ आणि त्यासमोरचा कमळांचा तलाव. म्हसावदकडून जायचं तर गिरणेचा पूल ओलांडावा लागतो. पुलापलीकडे रस्ता हळूहळू टेकड्यांकडे वळतो आणि चढ सुरू होण्याआधी शेवटचं जे गाव लागतं, ते माझं सासर. तिथे थोरले दीर, जाऊ मंगलताई आणि सासरे राहतात. सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणतं.

नाना ऐंशीच्या घरातले. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. माझं लग्न होऊन पाव शतक उलटलं, पण नाना आणि मी समोरासमोर कधी बोललो नव्हतो. घरात शिरताना ते उंबऱ्याबाहेर खाकरतात, मी डोक्यावर पदर ओढून आत सरकते. मला काही सांगायचं असेल तर ते मंगलताईला सांगतात, मी तिच्या शेजारी उभी असले तरी. "धाकलीले सांग, चहामा साखर कमी टाक." धाकली म्हणजे मी, धाकटी सून. मग मंगलताई माझ्याकडे बघते, मी साखर कमी टाकते. यात कुठे राग नाही, तुसडेपणा नाही. आमच्याकडे याला लाज धरणं म्हणतात, आणि ती दोन्ही बाजूंनी धरायची असते. मधुराच्या वेळी मी बाळंत झाले तेव्हा नाना दवाखान्याबाहेर बाकावर दिवसभर बसून होते, असं मला नंतर कळलं. आत आले नाहीत.

त्या नानांच्या गावातून मला काळी चिकट विजार घालून सायकलवर जायचं होतं.

मी एक युक्ती काढली. पुलाच्या अलीकडे एक बंद पडलेली वीटभट्टी आहे. तिच्या आडोशाला थांबून मी टाइट्सवर जुनी सलवार आणि गुडघ्याखाली जाणारा कुर्ता चढवला. गटातल्या तरुण मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "तुम्हाला बरं वाटतं तसं करा," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांच्या समजूतदारपणाची मला हसण्यापेक्षा जास्त लाज वाटली.

गाव मी मान खाली घालून पार केलं. गाव संपतं तिथे रस्ता डावीकडे वळतो आणि चढाला लागतो. वळणाच्या एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला आमचं वावर. तिथेच नाल्यातून कुत्री धावून आली. चांगली दांडगी. एकाने माझ्या टाचेशी तोंड आणलं आणि मी किंचाळले, सायकल सोडून रस्त्यात उभी राहिले. मॅडमनी दगड उचलला तेव्हा ती मागे हटली. पुढचा सगळा चढ मी सायकल हाताने ढकलत चढले.

चढाबद्दल कुणी मला आधी सांगितलं नव्हतं की तिथे लपता येत नाही. सपाटीवर कुणीही सायकलवाला वाटू शकतो. चढावर तुमचा श्वास लांबून ऐकू येतो, तोंड उघडं पडतं, अंगाचा जो जो भाग तुम्ही वर्षानुवर्षं साडीत सांभाळला तो सगळा हलतो. वर तुम्ही इतके हळू जात असता की बांधावरच्या माणसाला तुमच्याकडे बघून, ओळखून, घरच्यांची खुशाली विचारायलाही वेळ मिळतो. आणि पाय टेकवून उतरलात, की तुम्ही हरलात हे सगळ्या शिवाराला कळतं. माझ्या मनगटावर मधुराने दिलेलं घड्याळ होतं. घरी गेल्यावर ते मोबाइलवर चढाचा आलेख काढून दाखवायचं. त्यात मी जिथे जिथे थांबले तिथे रेघ आडवी पडलेली असायची. ती रेघसुद्धा मी विलासला दाखवली नाही.

पुढच्या रविवारी वळणावर नाना उभे होते.

तपकिरी स्वेटर, टोपी, हातात काठी. मी त्यांना लांबूनच पाहिलं. त्यांनीही मला पाहिलं असावं, कारण मी वळणाशी पोचायच्या आत ते फिरले आणि रस्त्याकडे पाठ करून दादरीकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्या मागून गेले. माझा श्वास भात्यासारखा वाजत होता, तो त्यांना ऐकू जात होताच. मी तो रोखायचा प्रयत्न केला आणि त्यामुळे पुढे गेल्यावर खोकल्याची उबळ आली.

घरी आल्यावर विलासला म्हणाले, "नानांनी मला पाहिलं."

"मग?"

"पाठ फिरवली."

तो जेवत होता. हातातला भाकरीचा तुकडा त्याने परत ताटात ठेवला. "काही बोलले?"

"ते कधी बोलतात माझ्याशी?"

"लाज वाटली असेल त्यांना," तो म्हणाला. मग बहुधा त्यालाच ते फार वाटलं. "म्हणजे, जुनं माणूस आहे. तू मनावर घेऊ नकोस."

मी मनावर घेतलं. नंतरच्या प्रत्येक रविवारी नाना त्याच वळणावर तसेच उभे असायचे. मी आले की पाठ. हळूहळू ती पाठ मला पाठ झाली. स्वेटरची कोपरावर उसवलेली वीण, मानेवरची सुरकुती, उजव्या पायावर जास्त भार टाकायची सवय. मला वाटायचं, हे मुद्दाम येऊन उभे राहतात. शेतातली कामं सोडून, थंडीत, फक्त मला दाखवायला की मी तुझ्याकडे बघणार नाही. मी घरी बसून त्यांच्या मनातली वाक्यं तयार करायचे. विलासच्या बायकोने वयाचं भान सोडलं. शिकलेल्या सुनेने घराण्याची लाज काढली. ही वाक्यं मी त्यांच्या बोलीत तयार करायचे, म्हणजे ती आणखी खरी वाटायची. एकदा कॉलेजात पुस्तकं लावताना माझ्या तोंडून त्यातलं एक वाक्य मोठ्याने निघालं आणि समोरची विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, मला काही म्हणालात?"

शेवटी मी वाट बदलली. मॅडमना सांगितलं की मी पाळधीवरून, हायवेने एरंडोलला जाऊन त्या बाजूने वर येईन. लांब पडतं आणि रस्ता वाईट. धुळ्याकडे जाणारे ट्रक अंगावरून गेले की त्यांच्या वाऱ्याने सायकल बाजूला ढकलली जाते, केळीच्या गाड्यांतला ओला पाला तोंडावर उडतो. मॅडमनी गटातल्या एकीला माझ्याबरोबर धाडलं. एरंडोलकडच्या चढावर मला कुणी ओळखत नव्हतं. मी नुसत्या टाइट्सवर चढले. लाज वाटली नाही, आणि का कोण जाणे, मजाही आली नाही. वर तलावाच्या कडेला बसून मॅडमची वाट बघायची, कमळांच्या पानांवर पाणी कसं लोळतं ते बघायचं. तिथून थोडं पुढे गेलं तर खाली आमचं वावर दिसतं, दादरीचा हिरवा चौकोन. मी तिकडे जायचे नाही.

संक्रांत झाली. तिळगुळाचे डबे रिकामे व्हायला लागले, आणि एका संध्याकाळी मंगलताईचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "सुनंदा, तू आते सायकलवर येत नही का?"

"येते की. दुसऱ्या बाजूने येते. का हो?"

"नाना इचारतस. दर रविवारले सकायमाच जाईसन वळणवर उभा ऱ्हातस. घर येतस नि म्हनतस, धाकली दिखनी नही."

माझ्या हातात लाटणं होतं. "ते कशाला उभे राहतात तिथे?"

"आवं, कुत्रा शेतस ना तठे. मरेल ढोरं टाकतस त्या नालामा. पहिल्या दिवशी तुमना मांगे लागनात ना? तू वरडनी, ते नानास्नी वावरमा आयकं. तवयपासून काठी लिसन उभा ऱ्हातस."

मी त्यानंतर कुत्री पाहिलीच नव्हती. ती आपोआप गेली असं धरून चालले होते. किंबहुना त्यांचा विचारच केला नव्हता, कारण माझं सगळं लक्ष त्या पाठीकडे होतं.

"मग पाठ का करतात?" मी विचारलं.

मंगलताई हसली. "मंग काय सूनना तोंडकडे दखतीन? तुलेच लाज वाटी ना."

फोन ठेवला तेव्हा तव्यावरची पोळी काळी झाली होती. आतापर्यंतची माझी लाज लोकांसमोरची होती. कुणी पाहिलं की वाटायची, कुणी नसलं की जायची. ही वेगळी होती. स्वयंपाकघरात मी एकटी होते आणि तिला जायला जागा नव्हती. ऐंशीच्या घरातला एक माणूस गारठ्यात उभा राहून माझ्यासाठी कुत्री हाकलत होता, आणि माझा संकोच व्हायला नको म्हणून बघतही नव्हता. आणि मी शहरात बसून त्याच्या तोंडी वाईट वाक्यं घालत होते. वर रस्ता बदलून त्याला कितीतरी रविवार नुसतंच उभं केलं होतं. विलासला मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "मी पण तसंच समजलो." मग उठून गॅलरीत गेला आणि उगाच कुंड्यांना पाणी घालत बसला.

मंगलताईचं बोलणं ऐकून मी पुढच्या रविवारी नुसत्या टाइट्सवर निघाले असते तर ही गोष्ट जरा बरी झाली असती. पण मी वीटभट्टीमागे थांबलेच. गिरणेवर धुकं होतं, बोटं आखडलेली, सलवारीची नाडी बांधता बांधेना. बाकीच्या पुढे गेल्या होत्या, फक्त मॅडम माझ्यासाठी थांबल्या.

वळणावर नाना होते. आम्ही दिसताच ते फिरले. मी त्यांच्याजवळ जाऊन ब्रेक दाबला, पाय टेकवला. मॅडम थोड्या पुढे जाऊन थांबल्या.

"नाना," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हाक मारली होती. पुढे काय बोलायचं ते मी वाटेत ठरवून आले होते, त्यातलं काहीच आठवेना.

ते वळले नाहीत. दादरीवर पाखरं उतरत होती, तिकडे बघत राहिले. मग त्या कणसांना सांगावं तसं म्हणाले, "चढ मोठा शे. बोलू नको. दम राखजो."

मी सायकलवर बसले. पूर्ण चढ काही जमला नाही. अर्ध्याच्या पुढे, रस्ता उभा होतो तिथे, उतरावं लागलं. पण त्या दिवशी मी श्वास रोखला नाही. वाजू दिला.

वर देवळाजवळ चहा घेतला आणि परत निघालो. उतार मला आवडतो, कोणाला आवडत नाही. वारा कानांत भरतो, बोरी-बाभळी मागे पळतात, चढताना ज्या जागी जीव गेला त्या जागा ओळखूही येत नाहीत. वळणाच्या जरा वर माझ्या सलवारीचा पाय साखळीत गेला. एक हिसका बसला, पेडल अडकलं, आणि मी सायकलसकट रस्त्याच्या कडेला घसरत गेले. थांबले तेव्हा सलवार मांडीपर्यंत फाटून साखळीभोवती गुंडाळली गेली होती आणि जे झाकायला ती घातली होती ते सगळं उघड्यावर होतं. गुडघ्यातून रक्त येत होतं.

आवाज ऐकून नाना वळले. काठी टाकून ते चढ चढत आले, त्या वयाला जितकं भरभर येता येईल तितकं. आणि माझ्यापासून काही पावलांवर थबकले. त्यांना मला उचलायचं होतं हे त्यांच्या हातांवरून कळत होतं, हात पुढे आले होते. पण ते तसेच हवेत राहिले. मग त्यांनी तोंड बाजूला केलं, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या दिशेने टाकलं. ते माझ्या पायांवर पडलं. त्याला कडब्याचा आणि तंबाखूचा वास होता. मी ते कमरेभोवती गुंडाळलं.

तेवढ्यात मॅडम पोचल्या, मला उठवलं.

"काय लागनं का तिले?" नानांनी त्यांना विचारलं.

"खरचटलंय, आबा. हाड मोडलेलं नाही."

"चालता येस का, इचारा."

"येतं," मी म्हणाले. त्यांनी ते मॅडमनी सांगेपर्यंत ऐकलं नाही.

मॅडमनी साखळीतून फाटकं कापड ओढून काढलं. त्या सायकल घ्यायला गेल्या तर नाना पुढे आले. "तुम्ही तिले धरा," म्हणाले, आणि हँडल हातात घेतलं.

अशी आमची वरात गावात शिरली. पुढे धोतर-टोपीतले नाना, मधुराची जांभळी सायकल ढकलत. मागे मी, उपरणं लुंगीसारखं गुंडाळून, लंगडत, मॅडमच्या खांद्यावर हात ठेवून. म्हशींच्या धारा उरकून गाव नुकतं ओट्यांवर येऊन बसलं होतं. बायका हंडे खाली ठेवून बघत होत्या. माझा हात सवयीने पदरासाठी डोक्याकडे गेला आणि कळलं, हेल्मेट अजून डोक्यावरच आहे. डोकं तरी झाकलेलं आहे, असा विचार त्या क्षणी मनात आला, त्याचंही मला आता हसू येत नाही.

नानांच्या वयाचे दगडूआबा त्यांच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी सायकल पाहिली, मला पाहिलं. "नाना, हाई काय? विलासनी गाडी इकी टाकी का?"

"गाडी घर शे," नाना न थांबता म्हणाले.

"मंग सून सायकलवर कसाले?"

मला वाटलं नाना गप्पच राहतील. ते थोडं पुढे गेले. मग मागे न बघता, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "तिले चढ आवडस."

मी खाली मान घालून चालत राहिले. चढ मला मुळीच आवडत नव्हता. प्रत्येक रविवारी तो मी रागाने, नाइलाजाने, अर्धा ढकलत चढले होते. पण नानांनी रविवारमागून रविवार मला त्याच वळणावर परत आलेली पाहिली होती, किंवा ऐकली होती, आणि त्यातून त्यांनी हा सरळ अर्थ काढला होता. मी त्यांच्या पाठीवरून जो अर्थ काढला त्याच्याशेजारी तो ठेवून बघितला की अजूनही जीव कानकोंडा होतो. आपण आहोत त्यापेक्षा कुणी आपल्याला चांगलं समजलं की वाटते, ती लाज मला सगळ्यात जड गेली आहे. तिला कशानेही झाकता येत नाही.

आताशा नानांचे गुडघे धरतात, वळणापर्यंत येणं होत नाही. गावाने नाल्यात ढोरं टाकणं बंद केलं म्हणे, कुत्री दुसरीकडे गेली. मी अजूनही रविवारी जाते. वीटभट्टीमागे अजूनही थांबते, पण आता कुर्ता तेवढा चढवते, सलवार नाही. चढ अजून पुरा होत नाही. येताना घरी थांबते, नाना उंबऱ्याबाहेर खाकरतात, मी आत सरकते. ते मंगलताईला विचारतात, "आज कोठेलोंग गयी?" मी मंगलताईला सांगते.

पण त्या पडल्या दिवसाचं एक राहिलंय.

मंगलताईने गुडघ्याला हळद लावली, मला तिची साडी नेसवली, आणि माझं काही न ऐकता टाइट्स धुऊन मागच्या अंगणात दोरीवर वाळत घातल्या.

"आत घाला ना वाळत," मी म्हणाले.

"कसाले? ऊन आठे शे."

नानांचं धोतर आणि मंगलताईचं लुगडं यांच्यामधे ती काळी विजार लटकत होती, पाय ताणून, माझ्याच आकाराची. विलास गाडी घेऊन दुपारनंतर येणार होता. जेवणं झाली, मंगलताई चारा आणायला गेली. मी खिडकीशी उभी राहून चहाची भांडी घासत होते. वाऱ्याची झुळूक आली आणि टाइट्स दोरीवरून मातीत पडल्या.

मी हात धुऊन जाणार, तेवढ्यात गोठ्याकडून नाना आले. अंगणात कुणी नव्हतं, तरी सवयीने खाकरले. टाइट्सपाशी थांबले. पुढे गेले. परत आले. गल्लीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग सरपणाच्या ढिगातून कपाशीची एक काडी ओढून काढली आणि काडीच्या टोकाने विजार उचलली, लांब धरून, जनावर उचलावं तशी. दोरीपर्यंत नेता नेता ती घसरून पुन्हा खाली पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मग नानांनी काडी टाकून दिली, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकले आणि ती दोन्ही हातांनी उचलली. माती झटकली. दोरीवर टाकली, दोन्ही पाय सारखे केले, आपल्या धोतराचा चिमटा काढून तिला लावला. जायला निघाले आणि परत थांबले. विजारीचा काठ अंगठ्याने थोडा ओढून पाहिला. तो लांबला. सोडला तर चटकन जागेवर गेला. नानांनी हात मागे घेतला, मग पुन्हा एकदा ओढून पाहिला.

मी खिडकीतून मागे सरले, आणि घासून पालथी घातलेली भांडी, जरा मोठ्याने, पुन्हा विसळायला घेतली.